वरचे तुझे

‘मला हातात पंधरा पाहिजेत. वरचे तुझे.’

जुना जेसीबी यार्डात लावायला आलेला मालक बहुतेक वेळा एवढ्याच बोलण्यात व्यवहार उरकतो. पंधरा म्हणजे पंधरा लाख. वरचे म्हणजे यार्डवाला गिऱ्हाइकाकडून त्यापुढे जे काही काढेल ते. बोलणं उभ्याउभ्याच होतं, चहा येतो, किल्ली टेबलावर पडते आणि ज्याच्या हप्त्यांपायी घरातलं सोनं मोडलं होतं ते मशीन दुसऱ्याच्या कुंपणाआत जाऊन उभं राहतं. लिखापढी झालीच तर यार्डाच्या वहीत एक ओळ: गाडी नंबर, मॉडेल, मीटरवरचे तास, मालकाचा मोबाइल.

हिशेबाच्या पुस्तकांत याला कन्साइनमेंट म्हणतात, जुन्या मोटारींच्या धंद्यात ‘पार्क अँड सेल’ म्हणतात, आणि माती-मुरुमाच्या धंद्यात ‘गाडी यार्डात लावली’ म्हटलं की पुरतं. मशीन मालकाचंच राहतं. जागा, फोन आणि जीभ यार्डवाल्याची. विकलं तर त्याला दलाली, नाही विकलं तर मशीन परत.

मराठी मुलखाला ही रीत नवी नाही. शेतकरी माल आणतो, आडत्या तो गाळ्यावर उतरवून घेतो, विकतो, आडत कापून पट्टी हातात देतो. विकेपर्यंत माल शेतकऱ्याचाच. या आडतीवरून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला, आडत्याला परवाना लागू लागला, वजन कसं करायचं, पट्टीत काय कापायचं, पैसे कधी द्यायचे याचे नियम आले. २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं सरकारने ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले. कांद्याच्या पट्टीत हमाली जास्त कापली म्हणून आडत्याच्या दारात तासभर वाद घालणाऱ्या घरातलाच मुलगा पंधरा लाखांचं मशीन मात्र ‘वरचे तुझे’ म्हणून सोडून येतो. मशीनच्या आडतीला परवाना नाही, समिती नाही, पट्टी नाही. माझा रोख या लेखात त्या न मिळणाऱ्या पट्टीवर आहे.

*

मालक कोण, हे आधी पाहू. जेसीबी ही मूळची इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची कंपनी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये एका भाड्याच्या गॅरेजात ती सुरू केली, युद्धात उरलेल्या सामानातून पहिला ट्रेलर बनवला आणि बाजारात ४५ पौंडांना विकला. भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्‌सबरोबर भागीदारीत बल्लभगडला कारखाना निघाला, २००३ मध्ये भारतातली कंपनी पूर्णपणे जेसीबीची झाली, पुढे आपल्या तळेगावलाही कारखाना आला. पुढे लोडर बकेट, मागे खोदायचा हात, चार टायर, रस्त्यावरून स्वतःच्या पायांनी जाणारं हे मशीन गावच्या कामाला चपखल बसलं. विहिरीचा गाळ, शेततळं, घराचा पाया, पाइपलाइनचा चर, बांध, ओढा. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं, २०१६ ते २०१९ पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालली, आणि उन्हाळ्यात मशीनचे तास मिळवायला गावागावांत ओढाताण सुरू झाली. फायनान्स कंपन्या दारात उभ्याच होत्या. थोडं भांडवल टाकायचं, बाकीचे हप्ते. अशी एका मशीनचा एक मालक असलेली हजारो घरं महाराष्ट्रात आहेत. त्यातले बरेच जण आधी ऑपरेटर होते.

या मालकाचं वर्ष सरळ नसतं. मृगाचा पाऊस लागला की काम थांबतं. शेतात मशीन उतरत नाही, उतरलं तर रुततं. जून ते सप्टेंबर मीटर हलत नाही आणि हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातो. म्हणून आषाढ-श्रावणात यार्डं भरतात. घेणारा तेव्हा नसतो. तो पितृपक्ष संपल्यावर जागा होतो, खंडेनवमीला मशीनला हार घालता यावा या बेताने दसऱ्याच्या आधी सौदे होतात, आणि दिवाळीपासून पुढे खरा बाजार लागतो. विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची हौस यांच्यात तीन महिन्यांचं अंतर पडतं. यार्डवाला कमावतो ते या अंतरावर. पावसाळ्यात पडेल भावात मशीन उचलणारा दलाल आणि दसऱ्यापर्यंत ते सांभाळून कमिशनवर विकणारा दलाल, हे दोघे एकाच गेटमधून ये-जा करतात, अनेकदा तो एकच माणूस असतो. सकाळी एकाला तो म्हणतो, ‘मार्केट डाऊन आहे, बाराला सोडत असाल तर आत्ता पैसे देतो.’ दुपारी दुसऱ्याला म्हणतो, ‘लावा शेठ, सीझनला सोळा कुठं गेले नाहीत.’

दुसरी भरती येते ती मोठं काम संपल्यावर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. असं काम चालू असताना पोटठेकेदार वीस टनी एक्स्कॅव्हेटर, डंपर, ग्रेडर, रोलर घेत राहतात. काम संपलं की सगळे एकदमच विकायला निघतात. त्याच सुमाराला, १ जानेवारी २०२५ पासून, चाकांच्या बांधकाम मशीनांना धुराचे नवे, कडक निकष लागू झाले. नवी मशीनं महागली आणि जुन्यांकडे बघायची नजर बदलली. मशीन एकाएकी सुधारलं नाही, पण त्याच्या मालकाचा आवाज थोडा चढला.

*

जुन्या मशीनचा भाव वर्षावर ठरत नाही, तासावर ठरतो, आणि तासावरही पुरता ठरत नाही. चांगला मिस्त्री मशीन बघायला येतो तेव्हा काय करतो, ते एकदा जवळून पाहण्यासारखं असतं. वीस टनी चेनवालं मशीन धरू. कंपनी कुठलीही असो, बोलताना ते पोकलेनच. सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोने फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीच्या सहकार्याने मशीनं काढली, ती कंपनी बाजारातून कधीच बाजूला झाली, पण टाटा हिताची असो, कोमात्सु असो की चाकणची ह्युंदाई आणि सॅनी, सातारच्या खाणीत सगळ्यांना हाक तीच.

मिस्त्री आल्या आल्या किल्ली मागत नाही. आधी बॉनेटवर हात ठेवतो. कोमट लागलं तर मालकाकडे नुसतं बघतो. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. दमलेलं इंजिन थंडीतच खोकतं. गार इंजिन चालू करून तो ऑइल भरायचं झाकण उघडतो आणि त्यावर तळहात धरतो. आतून भक्‌भक् वाफ आली की ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’, म्हणजे रिंग-पिस्टन झिजलेत. मग धूर. निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर, पांढरा जायचं नावच घेत नसेल तर त्याच्या कपाळावर आठी.

त्यानंतर बूम वर, आर्म पुढे, बकेट हवेत, इंजिन बंद. तो विडी पेटवतो आणि मोबाइलवर वेळ बघतो. बूम हळूहळू खाली बसायला लागली तर जॅकची सील गेलीत किंवा मेन व्हॉल्व्ह आतून गळतोय. बकेट जमिनीला टेकवून पुन्हा किंचित उचलायची आणि दाताला धरून हिसका द्यायचा: खडखड आवाज कुठून येतो, बकेटच्या पिन-बुशातून, आर्मच्या, की पार टर्न टेबलमधून? बुशाचा असेल तर काही हजारांत भागतं. टर्न टेबलचा असेल तर सौदा बदलतो. मग बकेटने जमिनीला रेटा देऊन एका बाजूची चेन अधांतरी उचलायची आणि फिरवायची. स्प्रॉकेटचे दात टोकाला अणकुचीदार झालेत का, रोलर तेल टाकतायत का, चेन ताणायला आता जागा उरली आहे का, पिना एकदा फिरवून झाल्यात का. चेनवाल्या मशीनच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीत सगळ्यात मोठा खर्च या खालच्या भागाचा असतो, आणि फोटोत तो कधीच दिसत नाही. फोटोत रंग दिसतो.

रंगाबद्दल मिस्त्री लोकांचं मत वाईट आहे. नवा कलर मारलेल्या मशीनभोवती ते दुप्पट वेळ फिरतात. होज पाइपवर, रबरावर, ग्रीस निप्पलवर रंगाचे शिंतोडे दिसले की बूमच्या पोटाखाली वेल्डिंगची शिवण शोधायची. मळकं, ग्रीस लागलेलं, पण जिथं तिथं पुसून ठेवलेलं मशीन त्यांना जास्त आवडतं. मीटरवर सहा हजार तास आणि पायाच्या पेडलचं रबर गुळगुळीत, जॉयस्टिकची मूठ झिजून आतला धातू दिसतोय, असं असलं की मीटरचं बोलणं तिथंच संपतं.

मीटरवर विसंबायची गरज आता तशी उरलेली नाही. कोमात्सुच्या मशीनांत कॉमट्रॅक्स असतं, जेसीबीत लाइव्हलिंक. मशीन कुठं आहे, किती तास चाललं, किती वेळ नुसतं उभं राहून डिझेल खाल्लं, सगळं कंपनीकडे जातं. कॉमट्रॅक्सची जन्मकथा मजेशीर आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये चोर एक्स्कॅव्हेटर पळवायचे आणि त्याच्या बकेटने एटीएम उपटून न्यायचे. चोरीला गेलेलं मशीन सापडावं म्हणून लावलेलं यंत्र पुढे मशीनची कुंडली होऊन बसलं. मालकाने यार्डात लावण्याआधी त्या तासांचा कागद आणि डीलरकडच्या सर्व्हिसची बिलं काढून आणली तर गिऱ्हाइकाच्या मिस्त्रीला निम्मं बोलायलाच उरत नाही. पण हा कागद यार्डवाला स्वतःहून मागत नाही. शंका शिल्लक असली तर भाव पाडता येतो, आणि पाडलेल्या भावात ‘हातात पंधरा’ ही मर्यादा शाबूत राहिली की त्याला पुरतं.

दुरुस्ती करून विकावं का? मालकांचा हा हमखास प्रश्न. माझं मत असं की तेलगळती, बॅटरी, दिवे, काच, सैल बूश, फाटलेली सीट एवढं करावं. इंजिन ओव्हरहॉल आणि नवी चेन यांवर घातलेले पैसे भावात पूर्ण परत येत नाहीत. घेणाऱ्याला ते काम स्वतःच्या मिस्त्रीकडून, स्वतःच्या डोळ्यांदेखत करून हवं असतं.

*

आता ‘वरचे तुझे’चा हिशेब. समजा मालकाला हातात १५ लाख हवेत आणि यार्डवाल्याने मशीन १७ लाख २५ हजारांना विकलं. त्याला सव्वादोन लाख सुटले, विक्रीच्या तेरा टक्के. तेच मशीन तीन टक्के कमिशनवर लावलं असतं तर दलाली ५१,७५० आणि मालकाच्या हातात १६ लाख ७३ हजार २५०. फरक पावणेदोन लाखांच्या घरात. महिन्याला पंचावन्न हजारांचा हप्ता भरणाऱ्याचे हे तीन हप्ते.

म्हणून टक्केवारी चांगली आणि ‘वरचे तुझे’ वाईट असं म्हणून मोकळं होता येत नाही. तीन टक्क्यांवर काम करणाऱ्याला शेवटच्या एका लाखासाठी घासाघीस करून मिळणार तीन हजार. तो कशाला गिऱ्हाइकाशी आठवडाभर झुंजेल? पंधरा मिळत असतील तर पंधराला देऊन मोकळा होईल. यार्डवाल्याचा खर्चही खोटा नाही. हायवेला लागून जागेचं भाडं, रात्रीचा वॉचमन, आठवड्याला प्रत्येक मशीन चालू करून बॅटरी जिवंत ठेवायची, कुत्री-उंदरांपासून वायरिंग वाचवायचं, आणि दिवसाला नुसते ‘लास्ट किती?’ विचारणारे फोन, ज्यातले बहुतेक मशीन घेणारे नसतातच. त्यामुळे मला पटते ती मधली वाट: ठरल्या भावापर्यंत टक्केवारी, त्याच्या वर जे मिळेल त्यात दोघांची निम्मी-निम्मी वाटणी. दोघांनाही वरचा भाव हवासा वाटतो, आणि वाटणी करायची म्हटल्यावर भाव किती आला हे सांगावंच लागतं.

अवाजवी ‘हातात’ मागणाऱ्या मालकाची गत आणखी वेगळी. त्याला कोणी नाही म्हणत नाही. पंधराच्या मशीनला त्याने एकोणीस मागितले तरी यार्डवाला हसून गाडी घेतो आणि पहिल्या रांगेत उभी करतो. पुढचे तीन महिने त्या मशीनचं काम एकच: गिऱ्हाइकाला ते दाखवायचं, एकोणीस सांगायचे, आणि मग मागच्या रांगेतलं सोळाचं दाखवायचं. एकोणीसचं मशीन सोळाचं मशीन विकून देतं आणि स्वतः पावसात उभं राहतं. म्हणून मुदत लिहून घ्यायची. साठ दिवस, फार तर नव्वद. त्यानंतर भाव बदलायचा की मशीन न्यायचं, न्यायचं तर लो-बेडचं भाडं कोणाचं, तोवरचं जागाभाडं लागणार की नाही, हे आधीच कागदावर आलेलं असलं तर दिवाळीनंतर भांडण होत नाही.

हा पेच कॅनडात वेगळ्या वाटेने सुटला. ब्रिटिश कोलंबियातल्या केलोना गावच्या तीन रिची भावांचं वडिलोपार्जित फर्निचरचं दुकान. १९५८ मध्ये बँकेचे दोन हजार डॉलर देणं लागत होते, म्हणून त्यांनी गावातल्या स्काउट हॉलमध्ये जादा मालाचा लिलाव केला. १९६२ मध्ये डोंगरातून ट्रान्स-कॅनडा महामार्ग खुला झाला, आणि १९६३ मध्ये या भावांनी रेडियम हॉट स्प्रिंग्स इथं जड मशीनांचा मोठा लिलाव केला. त्यात सहा लाख डॉलरहून अधिकचा माल गेला. रिची ब्रदर्स ही पुढे या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी नावाजलेली कंपनी झाली. २०२३ पासून तिचं नाव आरबी ग्लोबल आहे. त्यांचा मुख्य नियम मालकाच्या पोटात गोळा आणणारा आहे: किमान भाव नाही. बोली जिथं थांबेल तिथं मशीन गेलं. मालकाला स्वतःच्या मशीनवर बोली लावायचीही बंदी. पण याच नियमामुळे घेणारे दूरदेशांहून येतात. आपण केलेला प्रवास फुकट जाणार नाही, हातोडा पडला म्हणजे सौदा झाला, ही खात्री असते. आणि घाबरणाऱ्या मालकासाठी वेगळा करार असतो. कंपनी किमान रकमेची हमी देते, त्याखाली गेलं तर तोटा कंपनीचा, वर गेलं तर वरचा वाटा ठरल्याप्रमाणे दोघांत. ‘हातात पंधरा’च आहे हे. फक्त हातोडा सगळ्यांसमोर पडतो, त्यामुळे वरचे किती हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

आपल्याकडेही जाहीर लिलाव होतात. २०११ च्या सुमाराला सुरू झालेल्या श्रीराम ऑटोमॉलच्या आवारांत ट्रक, ट्रॅक्टर आणि बांधकामाची मशीनं बोलीवर जातात, पडद्यावरून बोली लावता येते. पण आपल्या लिलावांत मोठा माल हप्ते थकून ओढून आणलेला असतो आणि बऱ्याच वेळा शेवटची बोली लागूनही बँकेची मंजुरी येईपर्यंत सौदा लोंबकळत राहतो. स्वतःचं, धडधाकट, चालू मशीन तिथं नेऊन जप्तीच्या मशीनांच्या रांगेत उभं करायला मालक कचरतो. ते साहजिक आहे. रांग बघूनच भाव लागतो.

*

कागदाकडे येतो, कारण खरी फसगत भावात कमी आणि कागदात जास्त होते.

जेसीबी चाकांवर चालतो, त्यामुळे मोटार वाहन नियमांत तो ‘बांधकाम उपकरण वाहन’ ठरतो. त्याला आरटीओची नोंदणी, नंबर प्लेट, आरसी. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला असतो. विकताना आधी कर्ज फेडायचं, फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवायचा, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलायचं. यार्डवाले कोऱ्या फॉर्मांवर मालकाच्या सह्या घेऊन ठेवतात, ‘परत कशाला हेलपाटा’ म्हणून. मशीन विकलं जातं, घेणारा नाव चढवायला वर्ष लावतो, कधी तिसऱ्यालाच विकून टाकतो. तोवर त्या मशीनने रस्त्यावर कोणाला उडवलं तर भरपाईची नोटीस आरसीवर नाव असलेल्याच्या दारात येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितलं: गाडी चार हातांतून गेलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक धरला जाईल. आणि त्या मधल्या काळात विमा संपलेला असेल तर पैसे त्याच्या खिशातून.

चेनवाल्या पोकलेन मशीनची गोष्ट उलटी. ते रस्त्यावर चालत नाही, लो-बेडवरून जातं, त्यामुळे सर्वसाधारणपणे त्याला नंबर प्लेट नाही आणि आरसीही नाही. चाळीस-पन्नास लाखांच्या वस्तूच्या मालकीचा पुरावा म्हणजे कंपनीचं मूळ बिल, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचं बिल आणि फायनान्सचं ना-हरकत पत्र. ही साखळी मधेच तुटलेली असली की मशीन कितीही सरस असो, शहाणं गिऱ्हाईक पाय मागे घेतं. मूळ बिल यार्डवाल्याकडे ‘राहू दे’ म्हणून ठेवणं म्हणजे सात-बारा दलालाच्या खिशात ठेवणं. झेरॉक्स द्यावी. चासी नंबर आणि इंजिन नंबरचे फोटो द्यावेत. मूळ कागद पैसे खात्यात आल्यावर.

हे एवढं निक्षून सांगायचं कारण १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. दुसऱ्याची वस्तू विकली तर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही हा सामान्य नियम. पण कलम २७ त्याला अपवाद काढतं. मालकाच्या संमतीने वस्तू किंवा तिचे मालकीचे कागद एखाद्या व्यापारी दलालाच्या ताब्यात असतील, आणि त्याने नेहमीच्या धंद्याच्या रीतीने, प्रामाणिक गिऱ्हाइकाला ती विकली, तर गिऱ्हाइकाची मालकी पक्की. दलालाला तो भाव घ्यायचा अधिकार मालकाने दिलेला नसला तरीही. म्हणजे यार्डवाल्याने पंधराचं मशीन अकराला विकून पैसे गिळले, तर मालकाने मशीनमागे धावून उपयोग नाही. त्याने यार्डवाल्यामागे धावायचं. भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३१६ मध्ये दलालाने केलेल्या विश्वासघाताला जबर शिक्षा आहे, पण शिक्षा होईल तेव्हा होईल, हप्ता पाच तारखेलाच असतो. १८७२ चा करार कायदा मालकाच्या हातात आणखी एक गोष्ट देतो, जी फार थोडे मालक वापरतात. दलालाने मागितला की हिशेब दाखवला पाहिजे, मालकाच्या वतीने मिळालेले पैसे त्याला दिले पाहिजेत, आणि मालकाला अंधारात ठेवून स्वतःच गिऱ्हाईक बनून फायदा काढला तर तो फायदा मालक मागू शकतो. स्वतःच्या भावाच्या नावाने मशीन पंधराला उचलायचं आणि पंधरा दिवसांनी अठराला विकायचं, हे यार्डांत कौतुकाने सांगितलं जातं. कायद्यात ते कौतुकाचं नाही. मात्र तोंडी ‘वरचे तुझे’ म्हणून बसलेला मालक कुठल्या तोंडाने मागणार, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत भीती आणखी एका बाजूची आहे. तिथल्या कायद्यानुसार मशीन कन्साइनमेंटवर देणाऱ्याने सरकारी नोंदवहीत तशी सूचना दाखल केली नाही, तर यार्डवाला बुडाल्यावर त्याचे सावकार आणि बँक त्या मशीनवरही हात टाकू शकतात. बाहेरच्याला काय कळणार कुठलं मशीन कोणाचं? आपल्याकडे तशी नोंदवही नाही. यार्डवाल्यानेही बँकेकडून मालावर कर्ज काढलेलं असू शकतं, हे मशीन लावणाऱ्याच्या मनातही येत नाही. आत येताना मिळालेली सही-शिक्क्याची ताबा पावती, तीवर ‘मालकी अमुक यांची, विक्रीसाठी ठेवले’ हे शब्द, एवढाच काय तो आधार.

ट्रायलची गंमत वेगळीच. ‘चार दिवस साइटवर चालवून बघतो’ म्हणून गिऱ्हाईक मशीन नेतं. चाराचे वीस होतात, मशीन तिकडं कमाई करत असतं आणि इकडं मालक समजतो अजून सौदा झालेला नाही. त्याच मालविक्री कायद्याचं कलम २४ सांगतं की पसंतीवर नेलेली वस्तू ठरलेल्या मुदतीत नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतली, तर मुदत संपताच ती त्याची झाली. मुदत ठरलेलीच नसेल तर ‘वाजवी वेळ’, म्हणजे वकिलांची सोय. तारीख घालून दिली, जातानाचे आणि येतानाचे मीटरचे तास लिहिले, डिझेल आणि ऑपरेटर कोणाचा ते ठरवलं, की गिऱ्हाइकाच्या गळ्यात व्यवहार बांधता येतो. विम्याचंही इथंच अडतं. चेनवाल्या मशीनचा विमा बहुधा ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीच्या पॉलिसीत असतो आणि त्यात जागा लिहिलेली असते. मशीन खाणीतून यार्डात आणि यार्डातून परक्याच्या साइटवर गेलं हे कंपनीला कळवलेलं नसेल, तर नदीकाठच्या साइटवर पुरात बुडालेल्या मशीनच्या दाव्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

सौदा जुळतो तेव्हा शेवटचा प्रश्न घेणारा विचारतो: ‘बिल कितीचं करायचं?’ सतराला ठरलेल्या मशीनचं बारा लाखांचं बिल, बाकीचे रोख. घेणाऱ्याला वाटतं जीएसटी वाचला, मालकाला वाटतं रोख हातात आली, आणि यार्डवाल्याला तर ही रीत सोयीचीच. रोखीत ‘वरचे’ किती ते कुठं उमटत नाही. मुळात २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्यानेच मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्या मालकाला, घेतलेल्या रकमेइतका. तरी ते चालतं. त्या बाराच्या बिलावर नव्या मालकाला फायनान्स बाराच्या हिशेबानेच मिळतं, विमा कंपनी दाव्याच्या वेळी तेच बिल पुढे करते, आणि पोकलेन मशीन असेल तर मालकीच्या साखळीतली ती कडी कायमची बाराचीच राहते. चार-पाच वर्षांनी तोच माणूस ते मशीन घेऊन कुठल्यातरी यार्डात येतो आणि हातात तेरा मागतो. यार्डवाला बिल बघतो आणि म्हणतो, ‘घेतलंच बाराला आहे की तुम्ही.’